खूण आणि वचन



भाकीत करणे हे ज्योतिष्याचे काम आणि घडून गेलेले सांगणे हे इतिहासकाराचे काम, अशी एक सोयीची वाटणी आपण करून ठेवली आहे. आम्हांस ती मान्य नाही. एखाद्या काळची माणसे काय करीत होती एवढे सांगून त्या काळाचा इतिहास पुरा होत नाही. उद्या काय घडणार असे ती माणसे मानीत होती, हेही सांगावे लागते. माणूस पुष्कळदा घडलेल्या गोष्टीपेक्षा घडेल असे वाटणाऱ्या गोष्टीला अनुसरूनच वागत असतो. पण अडचण अशी की, भाकीत फसले म्हणजे ते कोणी जपून ठेवीत नाही. खरे ठरलेले भाकीत पोथीत जाते, खोटे ठरलेले चुलीत. म्हणून फसलेल्या भाकितांचा इतिहास लिहिणे कठीण आहे, आणि आमच्या मते अगत्याचेही आहे.

आज आम्ही अशाच एका फसलेल्या भाकिताची हकीकत सांगणार आहोत. ते राजकारणातले नाही, रणांगणावरचेही नाही. ते एका जपानी चित्रकथेतल्या तलवारबहाद्दराविषयीचे आहे. हा काय व्याख्यानाचा विषय झाला, असे काही वडीलधाऱ्या मंडळींच्या मनात आले असेल, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. आमच्याही मनात प्रथम तेच आले होते. पण आमच्या नातवाने एके दिवशी एक दोनशे पानी वही आमच्यापुढे आणून ठेवली आणि म्हटले, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवलात ना? मग हा पुरावा तपासून द्या." आम्ही ती वही तपासली. तपासून खाली शेरा मारला : 'पुरावा पुरेसा. निष्कर्ष मान्य.' तो शेरा चुकला. कसा चुकला हे समजून घेण्यासाठी आम्हांस जपानच्या बाराशे-तेराशे वर्षांत हिंडून यावे लागले. त्या हिंडण्याचा वृत्तांत म्हणजेच हे व्याख्यान.

प्रथम ग्रंथाची ओळख करून दिली पाहिजे. मांगा म्हणजे जपानी चित्रकथा. 'शोनेन जंप' हे मुलांसाठीचे मांगा-पत्र 1968 साली निघाले आणि पुढच्याच वर्षी साप्ताहिक झाले. 1990 नंतरच्या दशकात, ऐन भरात असता, त्याच्या एका अंकाच्या 65 लाखांहून अधिक प्रती निघाल्या. ह्या पत्राची एक रीत लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंकासोबत एक टपालकार्ड असते. आवडलेल्या तीन कथा कोणत्या, हे वाचकाने त्यावर लिहून पाठवावयाचे. ज्या कथेला मते पडत नाहीत ती काही आठवड्यांतच गुंडाळली जाते. म्हणजे येथील वाचक नाट्यगृहाच्या मागल्या बाकावर बसलेला मुका प्रेक्षक नाही. पडदा पाडण्याची दोरी थोडीबहुत त्याच्याही हातात आहे.

ह्या पत्रात 1997 च्या जुलै महिन्यात एइचिरो ओदा ह्या तरुण चित्रकाराची 'वन पीस' ही सागरी चाच्यांची कथा सुरू झाली. एका लेखकाने रचलेल्या चित्रकथामालेच्या सर्वाधिक छापील प्रती म्हणून 2015 साली तिची गिनेसच्या विक्रमग्रंथात नोंद झाली. तो आकडा 32 कोटींच्या वर होता. कथेचा नायक लुफी. चाच्यांचा राजा होण्याची प्रतिज्ञा करून तो निघाला आहे. त्याचा पहिला सोबती झोरो. तीन तलवारी बाळगणारा, त्यांपैकी एक दातांत धरून लढणारा हा वीरच आमच्या भाकिताचा विषय होय.

पण झोरोकडे वळण्यापूर्वी त्याचे वाचक कोणत्या शाळेत शिकून तयार झाले, ते पाहू. आठवड्या-आठवड्याने येणारी कथा वाचणे आणि पुढे काय होणार ह्याचा तर्क लढविणे, ही सवय जपानी समाजाला छापील चित्रकथेने लावलेली नाही. ती फार जुनी आहे.

क्योकुतेइ बाकिन ह्या लेखकाने 1814 साली 'नान्सो सातोमी हाक्केन्देन' ह्या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध केला आणि शेवटचा भाग 1842 साली. मध्ये 28 वर्षे गेली, 106 पुस्तके झाली. बाकिनची दृष्टी गेली, तेव्हा त्याने उरलेला मजकूर सुनेला तोंडी सांगून लिहवून घेतला. ह्या कथेत आठ वीर देशभर विखुरलेले आहेत. प्रत्येकाजवळ एक मणी आहे, प्रत्येक मण्यावर एका सद्‌गुणाचे अक्षर आहे आणि प्रत्येकाच्या अंगावर फुलाच्या आकाराचा डाग आहे. कथेत नवा तरुण आला आणि त्याच्या हाती मणी दिसला, की वाचकाने ओळखावे : हा आठांपैकी एक. एदो शहरात पुस्तके भाड्याने देणारे फेरीवाले घरोघर हिंडत असत. त्यांच्या पाठीवरच्या गाठोड्यातून ही पुस्तके घरात येत. ती वाचणाऱ्या पिढीला खुणा ओळखण्याचे शिक्षणच मिळाले.

ह्या शिक्षणाला दुसरीही एक बाजू होती, आणि ती राजसत्तेने घडविली होती. 1701 साली आको संस्थानचा अधिपती आसानो ह्याने शोगुनच्या वाड्यात किरा नावाच्या अधिकाऱ्यावर शस्त्र उपसले. त्याच दिवशी त्याला पोट चिरून मरण पत्करावे लागले. त्याचे सरदार निराधार झाले. त्यांचा प्रमुख ओइशी हा मद्यात आणि नाचगाण्यात बुडाला, आता सूड वगैरे काही होत नाही, असे लोक बोलू लागले, अशी कथा आहे. आणि 1703 च्या जानेवारीत, एका हिवाळी रात्री, ओइशीसह 47 जणांनी किराच्या वाड्यावर चालून जाऊन त्याचा शिरच्छेद केला. लोकांचे भाकीत फसले. पुढे 1748 साली ह्या प्रसंगावर 'कानादेहोन चुशिन्गुरा' हे बाहुलीनाट्य रंगभूमीवर आले. परंतु चालू काळातील सरदारघराण्यांच्या भानगडी रंगभूमीवर आणण्यास शासनाची बंदी होती. म्हणून नाटककारांनी प्रसंग चारशे वर्षे मागे नेला, आसानोला एन्या हे नाव दिले, किराला मोरोनाओ केले, ओइशीचा ओबोशी केला. प्रेक्षक मात्र पहिल्या अंकापासून जाणत होते की, हे कोणाचे कोण आहे. नाव एक, रोख दुसरीकडे; वेष जुना, घाव ताजा. अशा नाटकांवर वाढलेला प्रेक्षक रंगमंचावरील प्रत्येक वस्तूकडे संशयाने पाहतो आणि विचारतो, हिचा खरा धनी कोण?

विसाव्या शतकात ही परंपरा वृत्तपत्रांत शिरली. नाकाझातो काइझान ह्याने 1913 साली 'दाइबोसात्सु तोगे' ही एका निर्दय तलवारबहाद्दराची कथा वृत्तपत्रातून सुरू केली. ती तीन दशकांच्या आसपास चालली, आणि 1944 साली लेखक वारला तेव्हा अपुरीच राहिली. योशिकावा एइजी ह्याची 'मियामोतो मुसाशी' ही कादंबरी 1935 ते 1939 ह्या काळात 'आसाही' वृत्तपत्रात आली. तिचा शेवट मात्र वाचकाला आधीच ठाऊक होता : 1612 साली एका लहानशा बेटावर मुसाशी आणि कोजिरो ह्यांचे द्वंद्व झाले आणि कोजिरो पडला, हे जपानात शाळकरी मुलालाही माहीत असते. तेव्हा वाचकाचा तर्क शेवटाबद्दल नव्हता, त्या शेवटापर्यंत मुसाशी कसा माणूस होऊन पोहोचतो ह्याबद्दल होता.

पुरी झालेली कथा, अपुरी राहिलेली कथा आणि शेवट ठाऊक असलेली कथा, असे हे तीन मासले. झोरोची कथा ह्या तिन्हींहून निराळी आहे. तिचा शेवट ठाऊक नव्हता. पण तो ठाऊक असल्यासारख्या खुणा मात्र जागोजाग पेरलेल्या होत्या.

आता भाकिताकडे वळू. 2018 साली 'वन पीस'मध्ये वानो नावाच्या देशाचे प्रकरण सुरू झाले. वानो म्हणजे परकीयांस दारे बंद केलेला, सामुराईंचा देश. तोकुगावा शोगुनांच्या काळच्या जपानचेच ते चित्र. कथा काबुकी नाटकाप्रमाणे अंकांत विभागलेली, प्रत्येक अंकाला पडदा. ह्या देशावर ओरोचि नावाचा दुष्ट शोगुन राज्य करतो आणि त्याच्या पाठीशी काइदो हा महाबलाढ्य चाचा उभा आहे. शस्त्रांच्या कारखान्यांनी नद्या नासल्या आहेत. गरिबांना पोटभर अन्न नाही, प्यावयास स्वच्छ पाणी नाही. काइदो मनुष्यरूप टाकून निळ्या ड्रॅगनचे रूप घेऊ शकतो. हा पूर्वेकडील पुराणांतला, ढगांतून वेटोळी घालीत जाणारा महासर्प. प्रश्न एवढाच की, हा महासर्प कोणाच्या हातून पडणार?

जपानात आणि जपानबाहेरही पुष्कळ वाचकांचे उत्तर होते : झोरोच्या. आमच्या नातवाच्या वहीतही तेच होते. पुरावा असा.

पहिला मुद्दा. ओदाने 'वन पीस' सुरू होण्यापूर्वी, 1994 साली, 'मॉन्स्टर्स' नावाची एक छोटी कथा लिहिली होती. तिचा नायक रियूमा नावाचा सामुराई. तो एका तलवारीने ड्रॅगनला मारतो. पुढे 'वन पीस'मध्ये हाच रियूमा वानोचा प्राचीन वीर म्हणून आला. 2007 साली झोरोची गाठ त्याच्या प्रेताशी पडली. त्या प्रेतात दुसऱ्याची छाया घालून त्याला चालते केले होते. झोरोने त्याला हरविले आणि त्याची शुसुइ ही काळी तलवार झोरोकडे आली. ड्रॅगन मारणाऱ्याची तलवार ज्याच्या कमरेला, त्याच्याच हातून पुढचा ड्रॅगन मरावयाचा, असा हा तर्क.

दुसरा मुद्दा. वानोमध्ये झोरोला शुसुइ परत करावी लागली, कारण ती त्या देशाची ठेव होती. तिच्या बदल्यात राजकन्या हियोरीने त्याला आपल्या पित्याची तलवार दिली. पिता ओदेन. वीस वर्षांपूर्वी ओदेनने काइदोशी झुंज घेतली, त्याला जखमी केले. परंतु कपटाने तो पडला आणि उकळत्या तेलाच्या कढईत त्याला मरण आले. काइदोच्या अंगावर ओदेनने केलेला व्रण कायम राहिला. ज्या दोन तलवारींनी तो व्रण केला त्यांतील एक, 'एन्मा', आता झोरोच्या हाती होती. एन्मा म्हणजे कोण, हे मराठी श्रोत्यांस परके वाटू नये. आपला यमराज बौद्ध धर्माबरोबर चीनमध्ये गेला आणि तेथून जपानात जाऊन एन्मा झाला. यमाच्या नावाची तलवार, आणि समोर न मरणारा शत्रू. योग जुळून आला, असे कोणासही वाटावे.

तिसरा मुद्दा. वानोतील वृद्ध सामुराईंना झोरोकडे पाहून आपल्या एका दिवंगत सरदाराची आठवण होते. तो सरदार एकाक्ष वीर रियूमाच्या वंशातला. झोरोचाही एक डोळा मिटलेला. त्याने तलवार शिकली त्या गावाचे नाव शिमोत्सुकि, आणि त्या सरदाराचे कुलनामही शिमोत्सुकि. म्हणजे वंश जुळला, शस्त्र जुळले, चेहरा जुळला, जुनी कथा जुळली.

श्रोतेहो, प्रामाणिकपणे विचारतो : आपल्यापैकी कोणी न्यायाधीश असता, तर ह्यापेक्षा अधिक पुरावा मागितला असता काय?

तरीही इतर दावे नव्हते असे नाही, आणि तेही तितकेच जुन्या मुळांचे होते. काइदोचे ठाणे ओनिगाशिमा, म्हणजे राक्षसांचे बेट. मोमोतारो ह्या पीचफळातून जन्मलेल्या मुलाची गोष्ट जपानात आजी नातवंडांना सांगते. कुत्रा, माकड आणि तितर ह्यांना किबी-दांगो नावाचे लाडू खाऊ घालून तो राक्षसांच्या बेटावर जातो आणि त्यांना जिंकतो. वानोमध्ये ओदेनच्या पुत्राचे नाव मोमोनोसुके, आणि तामा नावाच्या मुलीजवळ प्राण्यांना माणसाळविणारे किबी-दांगो. तेव्हा राक्षस मारावयाचा तो मोमोनोसुकेने, असे काहींचे म्हणणे. ओदेनचे नऊ सेवक वीस वर्षांनी सूड घेण्यास परततात. त्यांत आकोच्या 47 जणांची सावली दिसते. तेव्हा शेवटचा घाव त्या सेवकांचा, असेही म्हणता येत होते. आणि ओरोचि हा तर सरळ पुराणातलाच. 712 साली सिद्ध झालेल्या 'कोजिकि' ग्रंथात सुसानोओ देव आठ डोक्यांच्या ओरोचि सर्पाला मद्य पाजून तुकडे-तुकडे करतो. एका प्राचीन परंपरेत त्या देवाच्या तलवारीचे नाव 'आमे-नो-हाबाकिरि'. ओदेनच्या दुसऱ्या तलवारीचे नावही तेच, आणि ती मोमोनोसुकेचा वारसा. ओदेनच्या मरणामागेही खरा इतिहास आहे : 1594 साली क्योतोमध्ये इशिकावा गोएमोन ह्या प्रसिद्ध दरोडेखोराला असेच कढईत घालून मारण्यात आले, आणि त्याने आपल्या लहान मुलाला हातांवर उंच धरून ठेवले, असे लोककथा सांगते. ओदेनने आपल्या नऊ सेवकांना तसेच वर तोलून धरले.

इतक्या खुणा, आणि त्या इतक्या माणसांकडे बोट दाखविणाऱ्या! पण आमचे आणि आमच्या नातवाचे लक्ष एकाच बोटाकडे होते. आवडत्या माणसाकडे वळलेले बोट तेवढे दिसते.

मग घडले काय? 2021 साली ओनिगाशिमाच्या माथ्यावर झोरो काइदोसमोर उभा राहिला. काइदो आणि त्याची सहकारी बिग मॉम ह्या दोघांनी मिळून केलेला प्रचंड प्रहार त्याने क्षणभर एकट्याने अडवून धरला, तेवढ्यात त्याच्या सोबत्यांना हलता आले. हाडे मोडली. तशाही अवस्थेत त्याने तीन तोंडे आणि सहा हात धारण केल्याचा भास निर्माण करणारा 'आशुरा' नावाचा घाव घातला. हा आशुरा म्हणजे आपला असुर. नारा येथील कोफुकुजि देवळात 734 सालची त्याची त्रिमुखी, षड्‌भुज मूर्ती आहे. त्या घावाने काइदोला जखम झाली, व्रण राहील असे काइदोने स्वतःच कबूल केले. आमच्या घरी त्या दिवशी पेढे वाटावयाचे तेवढे राहिले होते. परंतु काइदो पडला नाही, झोरो पडला.

पुढे त्याला वैद्यांनी एक जालीम औषध दिले. त्याने घटकाभर बळ यावे आणि नंतर वेदना दुप्पट व्हाव्यात, असे ते औषध. त्या उसन्या बळावर झोरो काइदोच्या उजव्या हाताशी, किंग नावाच्या पंखधारी योद्ध्याशी, लढला. 2021 च्या अखेरीस त्याने किंगला पाडले. काइदोला मात्र 2022 साली, एका प्रचंड मुठीच्या प्रहाराने, लुफीने जमिनीत गाडले. मोमोनोसुकेने स्वतः ड्रॅगनरूप घेऊन कोसळणारे बेट नगरावर पडू दिले नाही. ओरोचिचा शेवट ओदेनच्या सेवकाने केला. प्रत्येकाला काही ना काही मिळाले. झोरोला किंग मिळाला. काइदो मिळाला नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये वानो प्रकरण संपले.

ह्यावर निराश झालेल्यांनी तीन प्रकारांनी आपले समाधान केले, आणि हे तिन्ही प्रकार इतिहासलेखनात आम्ही पुष्कळदा पाहिले आहेत. कोणी म्हणाले, लेखकाने मध्येच बेत बदलला असला पाहिजे. कोणी म्हणाले, भाकीत खरेच ठरले. किंगने शेवटी अग्नीचा ड्रॅगन उभा केला होता, तो झोरोने चिरला, तेव्हा ड्रॅगन मेलाच की! आणि कोणी म्हणाले, खुणा मुळात नव्हत्याच, आपणच त्या कल्पिल्या. पहिला दोष कर्त्यावर ढकलतो, दुसरा शब्दाला ताणतो, तिसरा पुरावाच नाकारतो.

तिसऱ्याचे म्हणणे तर लवकरच उघड खोटे ठरले. ग्रंथरूप खंडांत ओदा वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देतो, असे एक सदर आहे. 2023 साली निघालेल्या 105 व्या खंडात त्याने झोरोची वंशावळ दिली. झोरोची आजी शिमोत्सुकि घराण्यातली, त्या दिवंगत सरदाराची बहीण. म्हणजे झोरो खरोखरच ड्रॅगन मारणाऱ्या रियूमाच्या कुळातला निघाला. वाचकांनी वर्षानुवर्षे चेहरे, नावे आणि गावे जुळवून जो वंश सिद्ध केला होता, तो अचूक होता. पुरावा खरा होता. त्यावरून काढलेला निष्कर्ष तेवढा खोटा होता.

येथे आमच्या विषयाचे मर्म आहे. पुरावा खोटा असेल तर चूक सापडणे सोपे. पुरावा खरा असून निष्कर्ष चुकतो, तेव्हा चूक पाहणाराच्या दृष्टीत असते. आमची चूक कोणती? पुष्कळ दिवस विचार केल्यावर आम्हांस असे वाटते की, आम्ही खूण आणि वचन ह्यांतला भेद विसरलो.

खूण म्हणजे काय? तलवार, व्रण, वंश, मिटलेला डोळा. खूण एखादा माणूस कोठून आला हे सांगते. वचन म्हणजे त्याने स्वतःच्या तोंडाने घेतलेली जबाबदारी. तो कोठे निघाला आहे हे ते सांगते. खूण अनेक रीतींनी फळास येऊ शकते, थोडी फळली तरी ती खोटी ठरत नाही. वचनाचे तसे नाही. ते एक तर पाळले जाते, नाही तर मोडते.

आता झोरोची वचने पाहा. लहानपणी त्याच्या शाळेत कुइना नावाची गुरुकन्या होती. तिच्याकडून तो 2001 वेळा हरला. दोघांपैकी एकाने जगातला सर्वश्रेष्ठ तलवारबहाद्दर व्हावयाचे, असे दोघांनी ठरविले. आणि दुसऱ्याच दिवशी ती जिन्यावरून पडून वारली. तिची पांढरी तलवार झोरोने मागून घेतली आणि ती आजन्म जवळ बाळगली. पुढे मिहॉक ह्या सर्वश्रेष्ठ खड्गवीराकडून हरल्यावर रक्तबंबाळ अवस्थेत त्याने आपल्या नायकाला शब्द दिला की, ह्यापुढे हरणार नाही. ही झोरोची वचने. ह्यांत ड्रॅगन कोठे आहे? कोठेच नाही. किंगशी लढताना एन्मा तलवार त्याचे सारे बळ शोषून घेऊ लागते, तेव्हाही त्याला आठवतो तो कुइनाला आणि नायकाला दिलेला शब्द, आणि त्या शब्दांच्या जोरावर तो त्या यमाच्या तलवारीला ताब्यात आणतो. रियूमाचा वंश त्याला त्या क्षणी आठवत नाही. त्याला तो ठाऊकही नाही. आम्हां वाचकांना मात्र त्याच्या पणज्यांची नावे पाठ होती!

आणि काइदोविषयीचे वचन कोणी दिले होते? 2018 साली, वानोच्या आरंभीच, तामा ह्या भुकेल्या मुलीने आपल्या वाटचा जपून ठेवलेला भात लुफीला वाढला आणि स्वतः नासक्या नदीचे पाणी पिऊन आजारी पडली. लुफीने तिला शब्द दिला की, मी हा देश सोडीन तेव्हा येथे तुला रोज पोटभर जेवावयास मिळेल. हा प्रसंग आम्ही सर्वांनी वाचला होता. वहीत मात्र त्याची नोंद नव्हती. तलवारीच्या मुठीवरील नक्षीची नोंद होती, भाताच्या वाडग्याची नव्हती. श्रोतेहो, ह्याची आम्हांस लाज वाटली. साऱ्या आयुष्यात विद्यार्थ्यांना आम्ही सांगत आलो की, राजांच्या वंशावळींबरोबर रयतेच्या पोटाकडेही पाहा. आणि पहिली परीक्षा आली तेव्हा आम्ही स्वतः वंशावळच पाहत बसलो.

ओदाने फसविले काय? आम्हांस तसे वाटत नाही. जुन्या कथांचा त्याने जो उपयोग केला, तो चुशिन्गुराच्या नाटककारांहून उलट आहे. त्यांना खरी गोष्ट लपवावयाची होती, म्हणून जुना वेष घेतला. त्यामुळे वेष ओळखला की गोष्ट ओळखली. ओदाला काही लपवावयाचे नव्हते. मोमोतारो, सुसानोओ, गोएमोन, आकोचे सामुराई ह्या सर्वांना त्याने एका रंगमंचावर आणले आणि कोणा एकालाही पूर्वीच्या कथेतले काम जसेच्या तसे करू दिले नाही. जुनी गोष्ट त्याने देशाची स्मृती म्हणून वापरली, आज्ञापत्र म्हणून नव्हे. पूर्वजाने ड्रॅगन मारला म्हणून वंशजाने तोच मारला पाहिजे, असे म्हणणे म्हणजे वंशजाचे स्वतःचे आयुष्य त्याच्याकडून काढून घेणे. झोरोच्या वाट्याला जे काम आले ते लहान नव्हते. नायकाला आपला शब्द पाळता यावा म्हणून मधला क्षण स्वतःच्या हाडांवर तोलून धरावयाचा, आणि मग बाजूच्या आघाडीवर जाऊन लढावयाचे. अशा माणसांची नावे बखरीत शेवटच्या ओळीत येत नाहीत, पण त्यांच्यावाचून शेवटची ओळ लिहिली जात नाही.

इतिहासाच्या अभ्यासकाने ह्यातून घ्यावयाचा तो बोध असा. मागे वळून पाहताना आपल्याला खुणांची एक सरळ रांग दिसते, आणि जे घडले ते घडणारच होते असे वाटू लागते. पण घडण्यापूर्वी तीच रांग दहा दिशांना फुटलेली असते. तीत कोणती वाट खरी, हे घराण्यावरून, शस्त्रावरून किंवा शुभशकुनावरून ओळखता येत नाही. कोणी कोणाला काय शब्द दिला होता आणि तो पाळण्याची किंमत कोण मोजीत होते, हे पाहिले तर काही अंदाज येतो. तोही अंदाजच. आणि अंदाज चुकला तर तो पुसून टाकू नये. चुकलेला अंदाज हा देखील पुरावा आहे. आपण काय पाहिले नाही, हे तो सांगतो.

वानो संपले तेव्हा झोरोचे पहिले वचन तसेच उरले होते. मिहॉकशी दुसरी गाठ त्या प्रकरणात पडली नाही. नातवाने वहीचे नवे पान उघडले आणि ह्या वेळी दोन रकाने आखले : एकावर लिहिले 'खुणा', दुसऱ्यावर 'वचने'. मग जुन्या पानावरचा आमचा शेरा दाखवून त्याने विचारले, "आजोबा, हा खोडू का?"

आम्ही म्हटले, राहू दे. खाली तारीख घाल.